सतरा हिस्सेदार आणि एक काडी

मराठीत वणवा 'लागतो'. भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते, तसा वणवा लागतो. आमच्या गावात माझ्या आठवणीत जेवढे वणवे लागले, त्यांतला एकही कोणी लावलेला नाही. विडी ओढणारा विडी नीट विझवूनच टाकतो. मध काढणारा फक्त धूर करतो. भाजावळ करणारा आपला चार हातांचा तरवा भाजतो आणि घरी जाऊन पेज जेवतो. पुढच्या साली गवत जोमानं येतं म्हणून मागच्या सालचं गवत पेटवणारे तर गावात कोणी नाहीतच, फक्त तसं करावं असं मानणारे आहेत. डोंगर जळतो तो स्वतःच्या मर्जीनं. अकर्मक क्रियापद म्हणजे काय, हे मला शाळेत कधी कळलं नव्हतं. बँकेतून निवृत्त होऊन गावी आलो आणि कळलं. ज्यात कोणाचंच कर्म नसतं ते.

आमचं गाव सिंधुदुर्गात. घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, पुढे शेणानं सारवलेलं खळं. घर चढावर आणि त्याच्या पश्चिमेला, खाली व्हाळापर्यंत, काजूची बाग. १९९० साली रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू झाली, तेव्हा वडिलांनी त्या वरकस उतारावर वेंगुर्ल्याची कलमं लावली. त्याआधी तिथे एखादं जुनं झाड सोडलं तर नुसतं गवत होतं आणि गवताला तेव्हा मान होता. गोठ्यात आठ गुरं होती, पडवीवर गवताचं छप्पर होतं, त्यामुळे दिवाळीनंतर उतारावर काडी शिल्लक राहत नसे. आता गोठ्यात माझी मोटरसायकल असते आणि दूध पिशवीतून येतं. गवत मात्र हे कोणी न कळवल्यामुळे दर पावसाळ्यात नेमानं कमरेएवढं वाढतं. माघापर्यंत वाळून कुरकुरीत होतं आणि उभ्या उभ्या कोणाची तरी वाट बघत राहतं.

मी गावी आलो त्या पहिल्याच वर्षी ती वाट संपली. मार्चमधली दुपार, समुद्रावरून खारा वारा सुटलेला. व्हाळाकडून आधी वास आला, मग धूर, मग कडकड असा आवाज. कोणी लाह्या भाजतंय असं वाटावं. आगीचा एक ठोकताळा मला पुढे समजला. चढ दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. माणसाचं उलटं. चढ लागला की माणूस कमरेवर हात ठेवून निसर्गसौंदर्य बघू लागतो. त्या दिवशी आग चढत होती आणि मी तिच्याकडे उतरत होतो, तरी दमलो मीच. हातात बादली होती. विहिरीपासून बागेपर्यंत पोहोचताना तिच्यात जे उरलं, ते मी पिऊन टाकलं.

बंबाला फोन केला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण मी बँकेत फार वापरायचो, ती त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिली. बंब तालुक्याहून आला आणि पाणंदीच्या तोंडाशी थांबला, कारण आमची पाणंद बैलगाडीच्या मापाची आहे. वाडीतले लोक मात्र हिरवे टाळे घेऊन धावले. वणवा पाण्यानं नाही, टाळ्यांनी झोडपून विझवतात. बाग राखणाऱ्या आबांनी जांभळीची पानभरली फांदी घेतली आणि शांतपणे आगीची कड झोडपत निघाले. मीही हाताला लागली ती फांदी ओढली. ती करवंदीची निघाली. आग माझ्यापासून वाचली, मी करवंदीपासून नाही.

चाळीस झाडं गेली. काजू हे जळण्यासाठी फार सोयीचं झाड आहे. खाली पातेऱ्याची गादी घालून ठेवतं, बियांच्या टरफलात तेल साठवून ठेवतं आणि ऐन वणव्याच्या हंगामात बोंडू धरतं. त्या संध्याकाळी बागेत भाजलेल्या काजूगरांचा जो घमघमाट सुटला होता, तो आठवला की अजून लाज वाटते, कारण तशा दुःखातही माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"पुढच्या साली जाळरेषा मारूया," आबा म्हणाले.

जाळरेषा ही साधी गोष्ट आहे. बागेच्या हद्दीनं गवताचा चांगला दोन-तीन मीटर रुंद पट्टा कापायचा आणि डिसेंबर-जानेवारीत, पहाटे दव असताना, वारा पडलेला असताना, माणसं उभी करून तेवढाच जाळून टाकायचा. मार्चमध्ये वणवा येतो, बघतो की इथलं आधीच कोणी खाऊन गेलंय आणि उपाशी परत जातो. वनखातंही हेच करतं. याला पैसा फार लागत नाही, अक्कल फार लागत नाही. फक्त जमीन एका माणसाची असावी लागते.

आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यांतली चार माणसं वारली आहेत, पण नावं कमी करायला जे वारस लागतात ते एकमेकांशी बोलत नाहीत. मी 'आपली बाग' या व्हॉट्सॲप गटावर जाळरेषेचा प्रस्ताव टाकला. पहिल्या दिवशी अकरा जणांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी बोरिवलीच्या दादांनी विचारलं, "पट्टा कोणाच्या हिश्श्यातून जाणार?" त्यानंतर जे झालं त्याला वणवा म्हणायला हरकत नाही, आणि तोही कोणी लावला नव्हता.

तुम्हाला वाटेल, गवत कापायला कोण नाही म्हणेल? पण कोकणात गवत कापणं ही शेती नसून कायद्याची बाब आहे. आज ज्यानं गवत कापलं तो उद्या म्हणणार, माझी वहिवाट आहे. म्हणून कोणी कापत नाही. कापायचं नाही आणि दुसऱ्याला कापू द्यायचं नाही, या तत्त्वावर कोकणातला अर्धा डोंगर उभा आहे आणि दर उन्हाळ्यात आडवा होतो. शेवटी एका वकील पुतण्यानं मसुदा केला : 'सदर गवतकापणी ही केवळ अग्निप्रतिबंधक स्वरूपाची असून ती कोणत्याही सहहिस्सेदाराच्या ताबा-वहिवाटीचा पुरावा समजली जाणार नाही.' यावर सह्या गोळा करण्यात नोव्हेंबर गेला. आत्यांनी सही दिली, पण एका अटीवर. त्यांच्या हिश्श्यातल्या जुन्या काजूच्या बुंध्याशी कोणी हात लावायचा नाही. ते झाड त्यांच्या वडिलांनी लावलंय आणि खालचा पातेराही त्यांचाच. त्यामुळे आमची जाळरेषा सरळ गेली नाही. दादांच्या हिश्श्यापाशी ती आत वळली, एका काकांच्या मयत नावापाशी बाहेर आली आणि आत्यांच्या झाडापाशी दहा हात चक्क तुटली. वरून पाहिलं असतं तर आमच्या भावकीचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास दिसला असता.

याच सुमारास कॅलिफोर्नियातल्या मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याचं घर लॉस एंजेलिसच्या बाहेर टेकडीच्या पायथ्याशी आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिथे पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगींनी सोळा हजारांहून जास्त इमारती खाल्ल्या. हा मैलभरावर होता आणि वाचला. त्यामुळे मी आमच्या चाळीस झाडांचं दुःख जरा आवरतं घेतलं. तो मात्र आगीबद्दल बोलतच नव्हता, विमा कंपनीबद्दल बोलत होता. कंपनीनं वरून त्याच्या छपराचे फोटो काढले होते आणि पत्र धाडलं होतं की तुमच्या पन्हळीत पाचोळा आहे, तो तीस दिवसांत काढा, नाहीतर पॉलिसी बंद.

"वरून? विमानातून?" मी विचारलं.

"विमान, ड्रोन, काय ते देव जाणे. पण पन्हळीतली पानं दिसली त्यांना."

आमच्या घराच्या पन्हळीत दोन वर्षं पिंपळ वाढत होता आणि तो वरून कोणालाच दिसला नव्हता. आमच्या सौभाग्यवतींना दिसायचा, पण मी तो पवित्र असल्याचं सांगून वेळ मारून नेत होतो.

मग मावसभावानं शिकवणी सुरू केली. तो म्हणाला, घरं ज्वाळेनं कमी आणि उडत्या ठिणग्यांनी जास्त जळतात. आग एक-दीड किलोमीटरवर असते आणि वाऱ्याबरोबर निखारे पुढे येऊन पडतात. कौलाच्या फटीत, पन्हळीत, पायपुसण्यावर, ओसरीवरच्या उशीवर. म्हणून कधीकधी घराची राख होते आणि शेजारचं झाड हिरवंगार राहतं. जॅक कोहेन नावाचा अमेरिकेच्या वनखात्याचा शास्त्रज्ञ आयुष्यभर हेच सांगत आला. त्यानं कॅनडाच्या जंगलात मुद्दाम लावलेल्या आगींसमोर लाकडी भिंती उभ्या करून पाहिलं. दहा मीटरवरच्या भिंतींनी कधी पेट घेतला, वीस आणि तीस मीटरवरच्यांनी नाही. म्हणजे आख्खा डोंगर राखायची गरज नाही, आपल्या अंगणापुरतं शहाणपण पुरतं. तिथल्या कायद्यानं घराभोवती शंभर फूट जागा राखायची आणि त्यातले पहिले पाच फूट म्हणजे शून्य पट्टा. त्यात जळेल असं काही म्हणजे काहीही नको. झुडूप नको, लाकडाचा ढीग नको, लाकडी कुंपणही भिंतीला टेकलेलं नको. या शून्य पट्ट्याचा कायदा २०२० साली झाला आणि पाच वर्षं उलटली तरी गुलाबाचं रोप भिंतीशी ठेवावं की नाही यावर लोकांची भांडणं चालूच होती, हे ऐकून मला फार बरं वाटलं. भावकी तिकडेही आहे.

त्यानं गवत कमी करायला शेळ्या भाड्यानं आणल्या होत्या, हेही त्यानं अभिमानानं दाखवलं. तिकडे शेळ्या गवत खायचे पैसे घेतात. आबांना मी हे सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माका पासपोर्ट काढून द्येवा."

शून्य पट्ट्यावर मात्र त्यांना काही नवल वाटलं नाही. "ह्या तर आमचा खळा! तुमच्या अमेरिकेक म्हणा, बघूक येवा."

आणि खरंच की. घरापुढची जमीन चोपून, शेणानं सारवून, काडी न ठेवता खळं राखायचं, हे आमच्या पूर्वजांनी कुठलाही कायदा न करता केलं होतं. माझी छाती फुगली. ती तासभर फुगलेली राहिली. मग सौभाग्यवतींनी मला खळ्यात उभं करून वर बघायला सांगितलं. वर माटव होता. म्हणजे उन्हासाठी खळ्यावर घातलेलं, वाळलेल्या चुडतांचं छप्पर. खाली एक काडी नाही आणि डोक्यावर सहा महिने वाळवलेलं सरपण. बाजूला, थेट भिंतीला टेकून, पावसाळ्याची बेगमी म्हणून रचलेली लाकडं. त्यावर नारळाच्या सोडणांचा ढीग. कौलांखाली चिमण्यांची घरटी, तीही उत्तम वाळलेल्या गवताची. आणि बागेपासून निघून घराच्या कोपऱ्यापर्यंत आलेली काट्याकुट्यांची वई.

"ही वई नाही," सौभाग्यवती म्हणाल्या, "ही वात आहे. तिकडे पेटवली की इकडे उजेड."

कुंपणानं शेत खाल्लेलं ऐकलं होतं. आमचं कुंपण घर गिळायच्या तयारीत होतं.

त्या दिवसापासून घरात आणीबाणी लागू झाली. (ही मात्र लागली नाही, लावली. कर्ता स्पष्ट आहे.) माटव उतरला. त्याच्या जागी हिरवी जाळी बांधायची मी सुचवली, तर ती प्लॅस्टिकची आहे असं उत्तर आलं. तेव्हापासून आम्ही दुपारी ओसरीवरच बसतो आणि खळं लांबून बघतो. लाकडं वीस पावलं दूर गेली, त्यामुळे रोज सकाळी आंघोळीचं पाणी तापण्याआधीच मला घाम फुटतो. पन्हळीतला पवित्र पिंपळ निघाला. घरट्यांबाबत थोडी चर्चा झाली. पिल्लं उडेपर्यंत थांबायचं ठरलं आणि मग त्या फटी बारीक जाळीनं बंद झाल्या. वईचा घराकडचा दोन हातांचा तुकडा तोडून तिथे चिरे रचले. काट्याच्या कुंपणात मध्येच चार चिऱ्यांचा गडगा! वाडीत सगळे हसले. एकानं मला थांबवून विचारलं, "समाधी कोणाची?"

आणि पातेरा. त्याची व्याप्ती मला ठाऊक नव्हती. फणस रोज पानं टाकतो, आंबा टाकतो, काजू तर त्याच कामावर आहे. सकाळी खराटा मारला की दुपारी पुन्हा तेवढाच. त्या दोन महिन्यांत मला कळलं की वणव्यापासून घर वाचवणं म्हणजे शौर्य वगैरे काही नसून रोजची झाडलोट आहे, आणि त्यात पुरुषांचं नाव कुठेच येत नाही. माझं नाव यावं म्हणून मी खराट्यासह फोटो काढून गटावर टाकला. बोरिवलीच्या दादांनी विचारलं, "खराटा सामाईक खर्चातून घेतलास का?"

झाडलेल्या पातेऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न होताच. पूर्वी तो खळ्याच्या कडेला पेटवत असत. आता तसं केलं असतं तर आम्हालाच पेटवलं असतं. "घरापासून लांब न्या, आणि जाळायचा तर तिकडेच जाळा," असा हुकूम निघाला. आबा टोपल्या भरभरून पातेरा नेऊ लागले. कुठे नेतात हे कोणी विचारलं नाही. हुकूम 'लांब' एवढाच होता.

शिमगा आला. होळीपुढे गाऱ्हाणं झालं. "बा देवा म्हाराजा, आंब्या-काजींचा राखण कर रे म्हाराजा. कोणी वायट बुद्धीन काडी वडली आसात, तर ती थंयच इजव रे म्हाराजा!" "होऽय म्हाराजा!" आम्ही सगळ्यांनी जोरात म्हटलं आणि त्यानंतर लगेच गावातल्या प्रत्येक वाडीनं आपापली होळी पेटवली. देवाची त्या रात्री काय अवस्था झाली असेल, याचा विचार मी नेहमी करतो.

होळीनं काही केलं नाही. वणवा आला तो चार दिवसांनी, दुपारी अडीचला, पुन्हा व्हाळाकडून. खारा वारा, तोच लाह्यांचा आवाज. या खेपेला आम्ही तयार होतो. जांभळीचे टाळे आदल्या दिवशीच तोडून ओले करून ठेवले होते, आणि माझ्या टाळ्याला करवंद नसल्याची खात्री मी स्वतः केली होती. आग शेजारच्या पडीक उतारावरचं गवत खात वर आली, आमच्या जाळरेषेशी पोहोचली आणि अडली. खरोखर अडली. काळ्या पट्ट्याच्या पलीकडे ज्वाळा उभ्या, अलीकडे बाग हिरवी. साठ वर्षांच्या भांडणानं वाकडी-तिकडी झालेली ती रेषा मला त्या क्षणी इतकी सुंदर दिसली की दादांच्या हिश्श्यापाशी ती आत का वळली हेही मी माफ केलं.

मग ती आत्यांच्या झाडापाशी आली. तिथे दहा हात रेषा नव्हती. आत्यांच्या वडिलांचा पातेरा होता. आग त्यातून आत शिरली, झाडाला एक वळसा घातला आणि सरळ वई धरली. आम्ही झोडपत मागे धावतोय आणि ती काट्यांवरून पुढे, घराकडे. वरून निखारे उडत होते. खळ्यात पडत होते, शेणाच्या सारवणावर दोन क्षण लाल होऊन काळे पडत होते. माटव असता तर हा लेख मी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी बसून लिहिला असता. वई जळत जळत त्या चार चिऱ्यांपर्यंत आली. तिथे तिला धरायला पुढे काही नव्हतं. ती जरा घुटमळली, चिरे काळे केले आणि विझली. सौभाग्यवती चिऱ्यांच्या या बाजूला खराटा घेऊन उभ्या होत्या. आगीनं कोणाला पाहून माघार घेतली, यावर वाडीत दोन मतं आहेत.

सगळं शांत झाल्यावर पुण्याच्या भाच्याचा गटावर निरोप आला. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाची आगीची सूचना त्यानं मोबाइलवर चालू करून घेतली आहे. उपग्रहानं आमच्या रानाला लागून आग टिपली होती. नकाशावर एक लाल ठिपका होता. त्या उपग्रहाचा एक ठिपका ३७५ मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे जवळजवळ चौदा हेक्टरांचा. आमची बाग, दादांचा हिस्सा, आत्यांचं झाड, चार मयत नावं, शेजाऱ्याचं पडीक, सगळं त्या एका ठिपक्यात. भावकी अशी एकत्र आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. तासाभरात गटावर सतरापैकी नऊ जणांनी कळवलं की रेषा त्यांच्या हिश्श्यातून गेली होती म्हणूनच बाग वाचली. आत्यांनी फक्त विचारलं, झाड कसं आहे. एका बाजूनं होरपळलंय, पण जगेल, असं मी कळवलं. त्यांनी हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्याला माणसं आली. शेजारचा उतार, आत्यांचं झाड, वई, सगळं बघून झालं. मग आग सुरू कुठून झाली ते बघायला आम्ही व्हाळाकडे उतरलो. आबा पुढे होते. व्हाळाच्या काठी, जाळरेषेच्या दहा पावलं पलीकडे, राखेचं एक मोठं वर्तुळ होतं आणि त्याच्या मधोमध अजून किंचित धूर निघत होता. राखेत फणसाची अर्धवट जळलेली पानं होती. त्या अख्ख्या उतारावर फणस नाही. फणस आहे तो आमच्या खळ्याच्या कडेला. आणि पातेऱ्याचा ढीग आतल्या आत दोन-दोन दिवस धुमसू शकतो, हे मावसभावानं मला तीनदा बजावलं होतं.

मी आबांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, "वरसून माती टाकलेलंय."

"काय म्हणाले?" पंचनामा लिहिणाऱ्यानं पेन उघडत विचारलं. "आग कोणी लावली?"

आबांनी पायाच्या अंगठ्यानं एक अर्धवट पान राखेत सारलं. मी घसा साफ केला.

"लागली," मी म्हणालो.